ग्राफिक्स कार्डाचा ताप

काम करणाऱ्या प्रत्येक यंत्राला ऊब येते. शिवणयंत्राची मोटार तासभर चालली की हाताला कोमट लागते. विहिरीवरचा पंप दुपारभर चालला तर त्याच्या अंगावर हात ठेववत नाही. संगणकाविषयी मात्र सर्वसाधारण समज निराळा असतो. त्यात डोळ्यांना दिसेल असे चाक नाही, दट्ट्या नाही. तो केवळ आकडेमोड करतो, तेव्हा त्याने तापावे तरी कशासाठी, असे वाटते. हा समज कितपत खरा आहे हे पाहावयाचे असेल, तर घरातल्या तरुण मुलाने खेळांसाठी मुद्दाम जुळवून घेतलेल्या संगणकाच्या मागे हात धरून पाहावा. खेळ ऐन रंगात आला असता तेथून जो वारा बाहेर पडतो तो चांगलाच गरम असतो; आणि त्या उष्णतेचा सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्ड नावाच्या एकाच भागातून आलेला असतो.

हा भाग स्वस्त नव्हे. उत्तम प्रतीच्या कार्डाला आज एखाद्या दुचाकीइतके, क्वचित त्याहूनही अधिक पैसे मोजावे लागतात. साहजिकच ते तापते म्हटल्यावर घरात दोन प्रकारची माणसे आढळतात. एकाला पडद्याच्या कोपऱ्यात ७५ अंशांचा आकडा दिसला की धडकी भरते. कारण माणसाच्या अंगात ४० अंश सेल्सिअस ताप भरला तरी घर हवालदिल होते, आणि येथे तर त्याच्या जवळजवळ दुप्पट! दुसऱ्याला त्या आकड्याशी काही कर्तव्यच नसते. खेळ अडखळू लागेपर्यंत, किंवा पडदा एकाएकी काळा होईपर्यंत तो त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पहिल्याचे भय आणि दुसऱ्याची बेफिकिरी ही दोन्ही एकाच अज्ञानातून उपजतात. ही उष्णता येते कोठून आणि जाते कोठे, एवढे नीट ध्यानात आले, तर भयाचेही कारण उरत नाही व बेफिकिरीचेही.

प्रथम हे कार्ड करते काय ते पाहू जावे. संगणकाच्या पडद्यावरील चित्र हे रंगीत ठिपक्यांचे बनलेले असते. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. खेळातील हालचाल अखंड दिसावी म्हणून हे चित्र सेकंदाला निदान ६० वेळा नव्याने रंगवावे लागते. म्हणजे सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा, आणि तो ठरविताना प्रकाश कोठून येतो, सावली कोठे पडते, पाण्यावर कशाचे प्रतिबिंब उमटते, याचा हिशेब करावयाचा. पडदा याहून मोठ्या प्रतीचा असला तर ठिपक्यांची संख्या चौपट होते. हे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून हजारो लहान लहान गणकांना एकाच वेळी कामाला जुंपणारी स्वतंत्र चीप ग्राफिक्स कार्डावर बसविलेली असते. १९९९ मध्ये एनव्हिडिया कंपनीने जीफोर्स २५६ नावाचे कार्ड बाजारात आणले आणि अशा चिपेला जीपीयू हे नाव रूढ केले. त्या कार्डाला एक लहानसा पंखा पुरत असे. २०१० सालच्या जीटीएक्स ४८० या कार्डाला २५० वॅट वीज लागू लागली. २०२२ सालच्या आरटीएक्स ४०९० ची मर्यादा ४५० वॅट आहे, आणि २०२५ च्या आरंभी आलेल्या आरटीएक्स ५०९० ची ५७५ वॅट. सर्वच कार्डे इतकी खादाड नसतात. २०२३ साली आलेले आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅटवर भागविते. तथापि खेळांसाठी घेतल्या जाणाऱ्या पुष्कळशा कार्डांची भूक दीडशे ते तीनशे वॅटच्या दरम्यान असते, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता या विजेचे पुढे होते काय? पंप वीज घेतो आणि पाणी वर चढवितो. विजेचा एक भाग उंचावर चढलेल्या पाण्यात साठून राहतो. ग्राफिक्स कार्ड काहीही वर चढवीत नाही. त्याने केलेली आकडेमोड कितीही मोलाची असो, निसर्गाच्या वहीत तिची नोंद नाही. कार्डाने घेतलेल्या विजेची अखेर जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णता होते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडत असते. तेव्हा ३०० वॅटचे कार्ड चालू असणे म्हणजे त्या खोलीत आणखी तीन पाहुणे येऊन बसण्यासारखेच आहे.

परंतु खरी अडचण उष्णतेच्या परिमाणापेक्षा ती ज्या एवढ्याशा जागेत उत्पन्न होते त्या जागेची आहे. इस्त्री १००० वॅटची असली तरी तिचा तळ दीड-दोनशे चौरस सेंटिमीटर असतो. उलट आरटीएक्स ४०९० ची चीप सुमारे सहा चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची आहे. कार्डाच्या ४५० वॅटांपैकी बहुतांश वीज या टपाल-तिकिटाएवढ्या तुकड्यात खर्च होते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागे इस्त्रीच्या तळाच्या दहापटीहून अधिक उष्णता तेथे निपजते. ती क्षणोक्षणी तेथून हलविली नाही, तर ती चीप काही सेकंदांतच निकामी होण्याच्या पंथाला लागेल.

येथे एक मूलभूत गोष्ट सांगितली पाहिजे. उष्णता नाहीशी करता येत नाही. ती केवळ दुसरीकडे नेता येते. पंखा उष्णता मारीत नाही आणि पाणीही मारीत नाही. दोघेही तिला पुढच्या मुक्कामी पोहोचवितात. ग्राफिक्स कार्डातील उष्णतेचे असे अनेक मुक्काम आहेत. चिपेतून ती प्रथम थर्मल पेस्ट नावाच्या लेपात येते. चीप आणि तिच्यावर दाबून बसविलेला धातू हे दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म खाचखळगे असतात व त्यांत हवा अडकते. हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. तांबे तिच्यापेक्षा सुमारे १५,००० पट अधिक सुलभतेने उष्णता वाहून नेते. ती हवा हुसकून ते खळगे भरून काढणे, एवढेच या लेपाचे काम. त्यामुळे लेप हवा तो अगदी पातळ. जाड थापला तर तोच अडथळा होऊन बसतो.

लेपातून उष्णता तांब्याच्या तळात आणि तेथून उष्णतानलिकांत शिरते. ही नलिका मोठी गमतीची वस्तू आहे. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील जॉर्ज ग्रोव्हर या शास्त्रज्ञाने ती १९६३ मध्ये प्रत्यक्षात आणली. बाहेरून ती तांब्याची भरीव कांडी वाटते. परंतु आत ती पोकळ असून तिच्यातील हवा काढून घेऊन अगदी थोडे पाणी घातलेले असते. दाब कमी असल्यामुळे हे पाणी थोड्याशा उष्णतेनेही उकळते. त्याची वाफ नलिकेच्या थंड टोकाकडे धावते, तेथे आपली उष्णता धातूला देऊन पुन्हा पाणी होते, आणि आतील सच्छिद्र अस्तरातून माघारी येते. समईच्या वातीतून तेल ज्या न्यायाने वर चढते त्याच न्यायाने हा परतीचा प्रवास घडतो. नलिकांच्या अंगावर पातळ पत्र्यांची चळत बसविलेली असते. तिच्यामुळे हवेला स्पर्श करणारे क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढते. या पत्र्यांमधून पंखे वारा घालतात, उष्णता वाऱ्याबरोबर संगणकाच्या कॅबिनेटमध्ये येते, कॅबिनेटमधून खोलीत आणि खोलीतून बाहेर.

कचेरीत एखादे प्रकरण सात टेबलांवरून जावयाचे असेल, तर सहा टेबले कितीही तत्पर असोत, सातव्यावर ते अडले की अडलेच. उष्णतेचेही तसेच आहे. ज्या मुक्कामी तिची वाट अरुंद, तेथेच ती तुंबते आणि तेथून मागे चिपेपर्यंत तापमान चढत जाते. डिसेंबर २०२२ मध्ये एएमडी कंपनीचे रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्स हे कार्ड बाजारात आले. त्यांपैकी काहींचे तापमान ११० अंशांना जाऊन भिडू लागले. त्यांचे पंखे उत्तम होते व पत्रेही भरपूर होते. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने दोष मान्य केला. काही कार्डांतील वाफेच्या चपट्या पेटीत पाणीच पुरेसे भरले गेले नव्हते. कंपनीने ती कार्डे बदलून दिली. हजारो गणकांच्या त्या यंत्राला नडले ते थोड्याशा पाण्याचे उणेपण.

आता मूळ प्रश्न असा की, किती ताप म्हणजे ताप? सिलिकॉनच्या चिपेला माणसाच्या शरीराचे माप लावून चालत नाही. खेळ भरात असता ६५ ते ८० अंशांच्या दरम्यानचे तापमान हे बहुतेक कार्डांचे नित्याचे तापमान होय. तेवढ्याने घाबरण्याचे काही कारण नाही. उत्पादकांनी ठरविलेली कमाल मर्यादा आरटीएक्स ३०८० साठी ९३ अंश, तर आरटीएक्स ४०९० साठी ९० अंश आहे. याखेरीज चिपेतील सर्वांत तप्त बिंदूचे तापमान वेगळे मोजले जाते व ते सरासरीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी अधिक असू शकते. २०१९ मध्ये आलेल्या आरएक्स ५७०० मालिकेतील कार्डांच्या बाबतीत, असा बिंदू ११० अंशांपर्यंत जाणे अपेक्षित आणि मर्यादेतच आहे, असा खुलासा एएमडीने केला होता. म्हणून कोणता आकडा कशाचा आहे हे पाहिल्यावाचून दोन कार्डांची तुलना करू नये. सरासरी तापमान आणि तप्त बिंदू यांतील अंतर हीच खरी बोलकी खूण. नव्या कार्डात हे अंतर बारा अंशांचे होते आणि दोन वर्षांनी ते पंचवीस-तीस अंशांचे झाले, तर लेप वाळला अथवा सरकला असे समजावे.

मर्यादा जवळ आली की कार्ड आपण होऊन आपला वेग उतरवू लागते. २०१२ सालापासून अनेक कार्डे तापमान व वीज यांचा अंदाज घेत आपला वेग क्षणोक्षणी वरखाली करीत असतात. तापमान आणखी चढले तर वेगात मोठी घट होते, खेळातील चित्र अडखळू लागते; आणि त्यानेही भागले नाही तर यंत्र स्वतःला बंद करून घेते. यास्तव कार्ड एकाएकी जळून खाक होण्याची भीती बव्हंशी अनाठायी आहे. परंतु कार्ड स्वतःला वाचविते ते वेगाच्या मोबदल्यात, आणि वेगासाठीच तर एवढे पैसे मोजलेले असतात. ज्याचे कार्ड सदैव मर्यादेला टेकलेले असते, तो उंची वस्तूची किंमत देऊन मध्यम वस्तू वापरीत असतो.

दुसरी हानी सावकाश होते. चीप, तिच्याखालचे कथिलाचे सांधे आणि त्याखालची पाटी हे तीन निरनिराळे पदार्थ असून तापल्यावर ते कमीअधिक प्रसरण पावतात. रोज तापावयाचे आणि रोज निवावयाचे, या ओढाताणीत सांधे थकतात. हा केवळ तर्क नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रांत असेच बिघाड मोठ्या प्रमाणावर झाल्याने, जुलै २००७ मध्ये कंपनीला हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली व त्यापायी शंभर कोटी डॉलरांहून अधिक रकमेची तरतूद करावी लागली. पुढच्याच वर्षी, जुलै २००८ मध्ये, लॅपटॉपमधील काही चिपांच्या वेष्टनातील कमकुवत घटकांमुळे होणाऱ्या बिघाडांसाठी एनव्हिडियाने १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. तेव्हापासून सामग्री पुष्कळ सुधारली आहे. तथापि तापमान जितके बेताचे आणि त्याची चढउतार जितकी कमी, तितके यंत्राचे आयुष्य अधिक, हा नियम बदललेला नाही.

आपल्या देशात या प्रश्नाला हवामानाची धार येते. पंखा कितीही वेगाने फिरो, तो कार्डाला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. वीज तितकीच व पंख्याचा वेगही तितकाच असेल, तर कार्डाचे तापमान खोलीपेक्षा ढोबळमानाने ठरावीक अंशांनीच अधिक राहते. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर राहणारे कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या घरात जाणार, हे उघड आहे. थंड देशांतील परीक्षकांनी दिलेले आकडे वाचून जो नागपुरात किंवा दिल्लीत मे महिन्यात तीच अपेक्षा धरतो, त्याची निराशा होते. त्याच्या कार्डात दोष असतोच असे नाही. बाहेर पारा ४५ अंशांवर गेला असता बंद खोलीत दुपारभर खेळ चालला, तर कार्ड खोलीला तापविते आणि तापलेली खोली कार्डाला. अशा वेळी उपायाचा आरंभ कार्डापासून न करता खोलीपासून करावा. खेळासाठी सकाळची किंवा रात्रीची वेळ निवडणे हा साधा उपाय आहे. परंतु त्याने आठ-दहा अंश सहज वाचतात.

विदर्भात आणि उत्तरेकडे पाण्याचे कूलर घरोघर असतात. कोरड्या हवेत ते खोलीचे तापमान चांगले खाली आणतात व त्याचा लाभ कार्डालाही होतो. परंतु कूलरचा झोत सरळ संगणकावर सोडू नये. त्यातील तुषार आणि क्षारयुक्त पाण्याचे कण आत जाऊन बसतात, व धूळ त्यांवर चिकटून तिचा थर घट्ट होतो. मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर हवा मुळातच दमट व खारट. तेथे कूलरचा उपयोग नाही, आणि धातूच्या जोडांवर गंज चढण्याची भीती अधिक. म्हणून पावसाळ्यात यंत्र महिनोन्‌महिने बंद न ठेवता अधूनमधून चालवीत जावे, हे बरे.

खोलीनंतर कॅबिनेट. ३०० वॅट उष्णता वाहून नेताना हवा केवळ १० अंशांनी तापावी असे वाटत असेल, तर दर सेकंदाला सुमारे २५ लिटर हवा कॅबिनेटमधून गेली पाहिजे. एवढी हवा आत येण्यास वाट हवी आणि बाहेर जाण्यासही. आपल्याकडे संगणकाच्या टेबलाला एक बंद कप्पा असतो व यंत्र त्यात ठेवण्याचा प्रघात आहे. कार्यालयीन संगणकाला तो चालून जातो. खेळाच्या संगणकाला तो कप्पा म्हणजे भट्टीच होय. यंत्र उघड्यावर ठेवावे, भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे. काही कॅबिनेटांची पुढची बाजू सबंध काचेची असते. ती दिसते देखणी, पण वाऱ्याला अडविते. जाळीची दर्शनी बाजू, तिच्यामागे हवा आत घेणारे दोन पंखे आणि मागे अथवा वर ती बाहेर टाकणारा एक पंखा, ही रचना बहुतेकांना पुरेशी ठरते. दोष कोठे आहे हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. खेळ चालू असता कॅबिनेटची बाजूची झडप दहा मिनिटे काढून ठेवावी. तापमान सात-आठ अंशांनी उतरले तर दोष कॅबिनेटमधील वाऱ्याचा. मुळीच न उतरले तर अडचण कार्डातच, असे निदान करावे.

त्यानंतर धूळ. पत्र्यांच्या चळतीत धुळीची गोधडी बसली की पंख्याचा वारा तिच्यावर आपटून परत फिरतो. आपल्याकडील हवेत वर्षातून दोनदा तरी सफाई हवी. एकदा दिवाळीच्या साफसफाईत आणि एकदा होळीनंतर, ऊन तापण्यापूर्वी, एवढा नेम पाळला तरी पुरे. वीज बंद करून व तार काढून घेऊन ब्लोअरने धूळ उडवावी. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. नाहीतर ती वाऱ्याने भलत्याच वेगाने फिरून पंख्याला इजा पोहोचते. ओले फडके मात्र आत नेऊ नये.

पंख्यांचा वेग किती तापमानाला किती असावा हे ठरविण्याची सोय आफ्टरबर्नरसारख्या विनामूल्य कार्यक्रमांत असते. येथेही तारतम्य हवे. पंख्याचा वेग दुप्पट केला तर वारा दुप्पट मिळतो, परंतु त्याला आठपट शक्ती लागते आणि आवाज असह्य होतो. २००३ मध्ये आलेल्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा या कार्डाच्या पंख्याचा गोंगाट इतका गाजला की, खुद्द एनव्हिडियाने त्यावरून स्वतःचीच थट्टा करणारी एक छोटी चित्रफीत काढली. उलटपक्षी, हलके काम असता अनेक नव्या कार्डांचे पंखे मुळीच फिरत नाहीत. ती योजना हेतुपूर्वक असते; पंखा बिघडला असे समजून दुकानाकडे धाव घेऊ नये.

इथवर झाला तो उष्णता बाहेर काढण्याचा विचार. परंतु याहून शहाणपणाचा मार्ग ती मुळातच कमी निर्माण करण्याचा आहे, आणि त्याला पै खर्चावी लागत नाही. पडदा जर सेकंदाला ६० चित्रेच दाखवू शकत असेल आणि कार्ड २०० रंगवीत असेल, तर १४० चित्रांचे श्रम बव्हंशी व्यर्थ जातात. स्पर्धेत खेळणाऱ्या निष्णात खेळाडूस त्यांचा किंचित लाभ होतो. इतरांस होतो तो ताप. २०१० मध्ये स्टारक्राफ्ट २ हा खेळ निघाला तेव्हा काही संगणक प्रत्यक्ष लढाईत न तापता आरंभीच्या साध्या पडद्यावरच तापू लागले. त्या पडद्यावर रंगविण्यासारखे थोडे असल्यामुळे कार्ड तेच चित्र शक्य तितक्या वेगाने पुन्हा पुन्हा रंगवीत बसे. ब्लिझर्ड या कंपनीने तेव्हा चित्रसंख्येवर मर्यादा घालण्याचा उपाय सुचविला. तीच मर्यादा आज बहुतेक खेळांत किंवा कार्डाच्या स्वतःच्या कार्यक्रमात एका खुणेसरशी घालता येते.

दुसरा मार्ग व्होल्टेज उतरविण्याचा. चिपेला लागणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग तोच ठेवून व्होल्टेज एक दशांशाने उतरविता आले, तर शक्तीचा हा भाग जवळजवळ एक पंचमांशाने घटतो. उत्पादकाला लाखो चिपा विकावयाच्या असतात व त्यांतील दुबळ्यात दुबळी चीपही अडखळू नये म्हणून तो सर्वांना जरा सढळ हातानेच व्होल्टेज देतो. आपल्या वाट्याला आलेली चीप धडधाकट असेल तर त्यातील काही परत घेता येते. हे काम थोडेथोडे करीत, प्रत्येक वेळी तासभर खेळ चालवून पाहून, धीराने करावयाचे असते. खेळ कोलमडला तर एक पायरी मागे यावे. एवढी खटपट नको असेल त्याने शक्तीची मर्यादा शंभरावरून ऐंशी टक्क्यांवर आणावी. चिपेच्या वेगाचा अगदी शेवटचा हिस्सा सर्वांत अधिक वीज खातो. त्यामुळे वीज एक पंचमांशाने घटली तरी वेग त्या मानाने पुष्कळच कमी घटतो.

एवढे करूनही ताप हटत नसेल तरच कार्ड उघडण्याचा विचार करावा. लेप काही वर्षांनी निकामी होतो व तो बदलता येतो. मात्र स्मृतीच्या चिपांवर जे मऊ पॅड असतात त्यांची जाडी मूळच्याइतकीच हवी. अर्ध्या मिलिमीटरचा फरक झाला तरी मुख्य चीप आणि धातू यांचा स्पर्श बिघडतो. हमीची मुदत शिल्लक असेल तर कार्ड न उघडता उत्पादकाकडेच न्यावे. पाण्याने थंड करण्याची महागडी यंत्रणा बसविण्यापूर्वीही एक विचार करावा: तिचे पाणी शेवटी आपली उष्णता त्याच खोलीतील त्याच हवेला देते.

एक सावधगिरी या सर्वांपलीकडची आहे, कारण चिपेचा ताप दाखविणाऱ्या आकड्यांत ती दिसत नाही. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या वीजजोडणीचे खटके वितळल्याच्या तक्रारी आल्या. जोड पूर्णपणे आत न बसणे हे त्याचे एक प्रमुख कारण ठरले. स्पर्श अपुरा असला की विजेला अडथळा होतो आणि त्या जागी उष्णता साठते. २०२३ मध्ये त्या जोडाची सुधारित आवृत्ती ठरविण्यात आली. जुना असो वा नवा, जोड खटक्यापर्यंत दाबून बसविणे आणि त्याच्या तोंडाशीच तार वाकडी न करणे, हे प्रत्येकाच्या हाती आहे.

कार्ड नवे असतानाच एका संध्याकाळी खोलीचे तापमान, कार्डाचे सरासरी तापमान, तप्त बिंदू आणि पंख्याचा वेग हे चार आकडे वहीत टिपून ठेवावेत, व दर सहा महिन्यांनी त्याच खेळावर पुन्हा टिपावेत. खोलीपेक्षा कार्ड किती अंशांनी अधिक तापते हे वजाबाकीने कळते. ते अंतर तसेच असेल, तर मे महिन्यातला ८५ चा आकडा हा ऋतूचा दोष आहे. ते वाढलेले असेल, तर उष्णता वाटेत कोठेतरी अडली आहे. मग खोली, कॅबिनेट, धूळ, पंखा आणि लेप या क्रमाने शोध घ्यावा. बहुधा लेपापर्यंत जाण्याची पाळी येत नाही.